अंबिलीचं वजन

शाळेच्या पत्र्यावरची कापडी नळी आज सकाळपासून शेपूट आमच्या घराकडं करून आडवी उभी राहिली आहे. म्हणजे वारा ईशान्येचा, आणि चांगल्या दमाचा. हे मला कुणी विचारलेलं नाही. या वयात मला कुणी काही विचारतं ते एवढंच, की गोळी घेतली का. पण ती नळी एकदा वाऱ्यानं फुगली की माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. तांदूळ निवडायला बसते आणि खडे ताटात ठेवून तांदूळ अंगणात फेकते. चिमण्या खूश.

नळीचं कापड माझ्या केशरी परकराचं आहे. गावाला वाटतं, शाळेतल्या कदम सरांनी संभाजीनगरहून मागवलं. वाटू द्या.

नळी भरली म्हणजे मार्गशीर्ष संपत आला. ज्वारी निसवली, करडईला काटे आणि फुलं एकदमच आली, हरभऱ्याच्या पाल्यावर सकाळची आंब साचायला लागली. ऊसतोडीच्या टोळ्या कधीच्याच गेल्या. गावात उरलो आम्ही म्हातारे, लेकरं आणि कुत्री. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तोंडावर आली, आणि येळवशीच्या पाठोपाठ माळावर विमान यायचा दिवस आला. विमान आम्ही म्हणतो. खरं तर तो तीन चाकांचा एक सांगाडा आहे. पाठीमागं मोठा पंखा, डोक्यावर रंगीत कापडाची लांबोडकी छत्री, पुढं एक खुर्ची, मागं एक. मागच्या खुर्चीत चालवणारे साहेब बसतात, पुढच्या खुर्चीत आपलं लेकरू.

यंदा माझी नात वैशू पुढच्या खुर्चीत बसायची नाही. ती अंबाजोगाईला कॉलेजात आहे आता. त्या दिवसासाठी मुद्दाम गावी येणार आणि लहान्यांचे पट्टे आवळणार. शाळेच्या हवाई स्काऊट पथकाची ती जुनी मुलगी, म्हणून सरांनी तिच्यावर ते काम सोपवलंय. पूर्वी मला एकाच लेकराची फिकीर होती. आता ती ज्यांचे ज्यांचे पट्टे बांधील त्या सगळ्यांची. बढती झाली म्हणायची.

पण मला आठवतं ते तिच्या पहिल्या खेपेचं साल. तेव्हा ती सातवीत होती आणि मी तरुण होते. तरुण म्हणजे सत्तरीच्या आतली. दात स्वतःचे, गुडघे स्वतःचे, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं हा समजही स्वतःचाच. ती बाई आज दारात आली तर मी तिला बसायला पाट देईन, चहा देईन आणि पोटभर हसून घेईन.

जन्म त्या बाईचा, म्हणजे माझाच, अंगणवाडीत गेला. आढ्याला काटा टांगायचा, काट्याला झोळी, झोळीत लेकरू. लेकरू रडायचं, काटा नाचायचा, आणि खाली उभी असलेली आई हळूच म्हणायची, "बाई, जरा वाढवून लिवा की." वजन वाढलेलं दिसलं की ही बाई दिवसभर खुशीत. कमी भरलं की त्या आईच्या घरी जाऊन भांडायची, की खिचडी कुठं गेली, अंडं कुणी खाल्लं? कडेवरचं पोर लांबून बघून ती वजन सांगायची आणि काटा तिचंच ऐकायचा. वजन वाढलं पाहिजे, एवढं एकच शास्त्र तिला येत होतं.

दिवाळी झाली की माझा लेक भागवत आणि सून मंगल तोडीला जातात, सांगलीच्या अंगाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पालाचं कापड, कोयते, पिठाची गोणी, एखादी शेळी. त्या वर्षी मंगल ट्रॉलीत चढली, पदर खोचला आणि वरून म्हणाली, "आत्या, पोरगी तुमच्या जिम्म्यावर हाय." रडली नाही. मीही नाही. ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत असतो, रडायला उसंत कुठली. वैशूनं पण कधी हट्ट केला नाही. ट्रॉलीच्या मागं पळायच्या वयात असतानासुद्धा ती पळाली नाही. नुसती उभी राहायची, ट्रॉली वळणावर दिसेनाशी झाली की घरात येऊन दप्तर काढायची. लेकरू रडलं तर समजूत घालता येते. न रडणाऱ्या लेकराचं काय करावं, ते अंगणवाडीच्या प्रशिक्षणात सांगत नाहीत.

मंगलचं ते वाक्य मात्र माझ्या मानेवर बसलं. स्वतःचं लेकरू पडलं-झडलं तर माणूस नशिबाला बोल लावतं. सुनेनं सांभाळायला दिलेलं पडलं तर तिला तोंड कसं दाखवायचं? पोरगी शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी वेशीपर्यंत जाऊन उभी. विहिरीकडं गेली की मी मागं. आणि अशात शाळेत विमानाचं पथक निघालं.

कदम सर नवीन लागलेले. अंगानं बारीक, बोलताना कान लाल व्हायचे. पण डोक्यात आभाळ. पोरांना त्यांनी निळे स्कार्फ दिले, गाठी मारायला शिकवल्या, थर्मोकोलची विमानं करून वाऱ्यावर सोडायला शिकवली. ढगांची नावं पाठ करून घेतली. वैशूनं मला एकेका ढगाचं नाव सांगायला सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, "आमच्या जन्मात ढगाला दोनच नावं, बाई. पडणारा अन् न पडणारा." तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून नावं सांगितली.

संध्याकाळी म्हैस रानातून घरी आली की ती दारात उभी राहायची, दोन्ही हातांत तुराट्या घेऊन. विमान जमिनीवर आलं की त्याला जागेवर लावण्यासाठी माणूस खुणा करतो म्हणे, तसल्या खुणा. दोन्ही तुराट्या डोक्यावरून मागं, म्हणजे ये, ये. एक आडवी, म्हणजे वळ. दोन्हींची फुली, म्हणजे थांब. म्हैस कधीच फुलीला थांबली नाही. सरळ येऊन आंबोणात तोंड घालायची. "आज्जे, तिला शिस्तच न्हाई," वैशू म्हणायची. मी हसायचे. पण ही पोरगी जमिनीवर फार दिवस राहायची नाही, असं वाटायचं. तेव्हाची ती बाई असल्या वाटण्याला अपशकुन म्हणायची.

मग पालकसभा झाली. आमच्याकडं त्या दिवसांत पालकसभा म्हणजे आज्यांची सभा. आईबाप तोडीला गेलेले, तेव्हा सगळ्या नऊवाऱ्या वर्गातल्या बाकांवर कोंबून बसलेल्या. कुणाचा गुडघा बाकाखाली अडकलेला, कुणाची तंबाखूची चंची मास्तरांना दिसू नये म्हणून कमरेला अजून आत गेलेली. सरांनी फळ्यावर तीन चाकांचं चित्र काढून सांगितलं, की वायुदलातून निवृत्त झालेले एक साहेब येणार, आणि पथकातल्या मुलांना माळावरून एक एक चक्कर मारून आणणार.

शेवंताबाई माझी शेजारीण. मेंढरं राखून राखून आवाज माळभर जाईल असा झालेला. तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "सर, वर गेल्यावर लेकराला मुतायला आलं मंजी?"

"आजी, चक्कर छोटी असते."

"आन् त्या सायबाला आलं मंजी?"

वर्ग हसला. सरांचे कान लाल झाले. मागून कुणीतरी विचारलं, "त्याला बिरेक असतोय का?"

"हवेत ब्रेक नसतो, आजी."

हसणं बंद झालं. शेवंताबाई म्हणाली, "बाई व! म्या सासरला आले ती बैलगाडी बी कासरा वढला की थांबत होती."

सर मग पुष्कळ काय काय सांगत राहिले. वारा किती असला की उडायचं नाही, वर कसं जातात, खाली कसं येतात. मी त्यातलं एकच वाक्य धरलं. पुढच्या खुर्चीत फार हलकं माणूस बसलं की गाडीचं नाक वर उचलतं, म्हणून साहेबांनी एक वजन ठरवून दिलंय. त्याच्या आतलं लेकरू घेणार नाहीत. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांची वजनं करू.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मैदानात वैशू दोरीला गाठ मारत होती. तुरीच्या काडीसारखी पोरगी. मी तिला नुसत्या नजरेनं तोललं. कमी भरत होती. फार नाही, जराशी. पण कमी. जन्मभर जे आकडे बघून ही बाई कपाळाला हात लावायची, त्यातलाच एक आकडा बघून त्या दिवशी तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले.

तुम्ही म्हणाल, सरळ नको म्हणायचं होतं पोरीला. म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. तेच तर भ्याव होतं. एका शब्दानं ऐकलं असतं, स्कार्फची घडी घालून ठेवली असती आणि दप्तर काढलं असतं. आईबाप डोळ्यांदेखत निघून जातात तेव्हा जी 'नका जाऊ' म्हणत नाही, तिला मी कुठल्या तोंडानं 'नको जाऊ' म्हणू? म्हणून ते काट्यानं म्हणावं. काट्याला कुणी वाईट म्हणत नाही.

झालं. एरवी 'अर्धी अजून घे, माझी आण' म्हणणारी बाई पहिल्या भाकरीनंतर टोपल्यावर फडकं टाकायला लागली. उपाशी नाही ठेवलं. तेवढं माझ्या हातून मेल्यावरसुद्धा व्हायचं नाही. फक्त आग्रह बंद केला. शेंगदाण्याचे लाडू ज्वारीच्या कणगीत लपवले. अंगणवाडीतून सेवानिवृत्त झालेली, गावाला पोषणाचं शहाणपण शिकवलेली ही बाई, कणगीत डोकं घालून लाडू पुरत होती. कुणी मागून बघितलं असतं तर नुसते पाय दिसले असते.

तिकडं पोरीचं उलटं चाललेलं. सरांनी मुलांना वजनाचं सांगितलेलं होतंच. ती शाळेत खिचडी दोनदा घ्यायची, वाटेत दिसेल त्या रानात हरभऱ्याचे सोलाणे खायची, झोपताना तांब्याभर पाणी प्यायची. मधेच एकदा ताटावर बसल्या बसल्या माझ्याकडं बघत राहिली.

"आज्जे, तू मपल्यावर रागावली का?"

"कावून रागावू?"

"मंग आजून घे, आजून घे का म्हणंना?"

त्या रात्रीची भाकर मला गोड लागली नाही. पण आग्रह काही केला नाही. इतकी ती बाई शहाणी होती.

आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, हिवाळ्यात आमचं आभाळ फार उघडं असतं, त्याचाही हा दोष असेल. दुपारी अंगणात उभं राहिलं की पार उंचावरून एखादं मोठं विमान जातं, मागं चुन्याची रेघ ओढत. आवाज नंतर येतो. आज सकाळीही एक गेलं. मी हातातलं सूप ठेवून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. पूर्वी मी अशा विमानाकडं कौतुकानं बघायचे. वैशूच्या त्या वर्षापासून मला त्यात आधी माणसं दिसतात. ह्या सगळ्यांना कुणी ना कुणी घरून पाठवलेलं असणार, आणि ते घरी बसून खडे फेकायचे सोडून तांदूळ फेकत असणार.

तर येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात गावाला कुलूप असतं आणि रानं भरलेली असतात. आदल्या दिवसापासून भज्जी शिजते. ओल्या तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा, चिंच, बेसन. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून लसूण-जिऱ्याची अंबील. सकाळी अंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन सगळ्यांनी रानात जायचं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आणि मग खायचं, खाऊ घालायचं. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला नुसतं जाऊ देत नाहीत. ओळखीचा असो, परका असो, 'या, अंबील घ्या' म्हणून हाताला धरतात. आणि अंबिलीला पुरे म्हणायची रीत नाही. पेला रिकामा दिसला की भरायचा. भरणाऱ्यानं विचारायचं नाही, पिणाऱ्यानं थांबवायचं नाही.

त्या वर्षी भागवत-मंगल नव्हते, पण येळवस कुणासाठी थांबते? शेवंताबाई आणि मी, दोघींनी मिळून एकच कोप केली. ऊन कोवळं, वाऱ्याला ज्वारीच्या पानांचा सळसळ आवाज, भज्जीला चिंचेचा वास. मेंढरं लांब पडलेली. येणारं-जाणारं येत होतं. तांब्या माझ्या हातात होता, आणि तांब्या हातात आला की मी मी राहत नाही. ह्याचा पेला भर, तिचा पेला भर. असं करता करता समोर एक पेला आला, मी भरला. रिकामा झाला, पुन्हा भरला. पुन्हा आला. मी म्हटलं, "घे गं माय, घे. अंगी लागतं."

अंगी लागतं! माझ्याच तोंडचे शब्द माझ्याच कानावर पडले तेव्हा मी मान वर करून बघितलं. पेल्यामागं वैशू. ओठांवर पांढऱ्या मिशा, ढेकर देत उभी. तिथून ती पुढच्या रानातल्या कोपीत गेली, मग त्याच्या पुढच्या. हाका मारून बोलवायची सोय नाही. येळवशीच्या दिवशी लेकराला 'पिऊ नको' म्हणणारी बाई गावानं कधी बघितली नव्हती, आणि माझी पहिली व्हायची तयारी नव्हती.

म्हटलं, एका रात्रीत उतरेल. पण दुसऱ्या दिवशी उरलेली भज्जी आणि उरलेली अंबील सकाळीच संपवायची असते. येळवशीचं अन्न टाकत नाहीत. ते मीच तिच्या ताटात वाढलं, सगळं. हात आपला चालत राहिला, आणि डोकं मागून ओरडत राहिलं.

वजनं सिरसाळ्याच्या बाजारात आडतीवर झाली, कापूस मोजायच्या मोठ्या काट्यावर. लेकरं रांगेत, आम्ही आज्या पोत्यांवर. प्रत्येक पोर काट्यावर चढलं की हमाल म्हणायचे, "सर, मालात ओल लई हाय. वजनातनं कडता कापा." वैशू चढली. मी डोळे बारीक केले. लाल आकडे थरथरले, मागं गेले, पुढं आले आणि थांबले. बसली. अगदी काठावर, पण बसली. जो वरचा थोडासा भाग होता, तो मी ओळखला. तो माझ्याच तांब्यातला होता.

पोरगी काट्यावरून उडी मारून पळाली. कदम सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बरं झालं, आजी. कमी भरली असती तर मांडीवर वाळूची पिशवी बांधून न्यावं लागलं असतं. साहेब हलक्या मुलांना तसंच नेतात."

"पिशवी बांधून?"

"हो. सभेत सांगितलं होतं ना मी."

म्हणजे कणगीतले लाडू, फडकं टाकलेलं टोपलं, पोरीचं ते 'रागावली का', सगळं वाळूच्या एका पिशवीपुढं फुकट होतं. मी पोत्यावर बसून हसायला लागले. शेवंताबाईला वाटलं, मला आनंद झाला. तिनं पाठीवर थाप मारली.

हसू आडतीवरच संपलं. घरी येईपर्यंत भीती पुन्हा मानेवर. शेवटचा एक उपाय उरला होता. संध्याकाळी भागवतला फोन लावला. बापानं नको म्हणावं. बापाला तो हक्क आहे.

"भागवत, पोरीला उडवायला निघालेत रे."

"व्हय माय. तिनं सांगितलंय मला मागंच."

"आन् तू काय म्हन्लास?"

"म्हन्लं, जा."

"पडली-बिडली तर?"

मग तो म्हणाला, "माय, हितं मंगल रोज डोक्यावर उसाची मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढती. फळी वीतभर रुंद. म्या रोज बघतो. बघून काय करतो? खालनं फळी धरतो. तू बी तसंच कर. खाली उभी ऱ्हा. पर डोळे मिटू नको. नीट बघ, आन् समदं सांग आमाला. हितनं आमाला काय दिसायचं न्हाई."

मग फोन मंगलनं घेतला. मला वाटलं, ही तरी नको म्हणेल. ती म्हणाली, "आत्या, पट्टा तेवढा वढून बघा."

विमानाच्या दिवशी माळावर गवत वाळलेलं होतं. कुसळं लुगड्याच्या काठाला. पोरांनी फक्कीनं मोठी पांढरी फुली काढली होती. साहेब पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. मला जरा दांडगा माणूस हवा होता. वैशूचा नंबर आला तेव्हा मी रांग मोडून पुढं गेले.

"साहेब, पट्टा."

"आजी, तुम्हीच ओढून बघा."

मी ओढला. पायाचा जोर लावून ओढला.

"आज्जे! श्वास!" वैशू ओरडली. साहेबांनी न हसता पट्टा एक बोट सैल केला, आणि मला मागं जायला सांगितलं.

पंखा फिरला. माळावरचं सगळं गवत एका अंगाला झोपलं. छत्री आधी जमिनीवर लोळली, मग उठली, ताठ झाली. चाकं पळायला लागली. खड्ड्यात उसळली, पुन्हा पळाली, आणि कधी पळायची थांबली ते कळलंच नाही. चाकांखाली हातभर उजेड दिसला. धुराळ्यानं डोळे भरले होते, पण मिटले नाहीत. पदरानं पुसायला हात वर केला, तर तेवढ्यात काही झालं तर, म्हणून तसाच खाली घेतला. सावली शेवंताबाईच्या मेंढरांवरून गेली तशी मेंढरं फुटाण्यासारखी उधळली आणि ती विमानाला शिव्या द्यायला लागली. सावली करडईवरून गेली, ज्वारीवरून गेली. वर एक निळा ठिपका होता, तो स्कार्फ. मी त्याला धरून राहिले. नजरेनं धरता येत असेल तर. मान मोडली, पण सोडलं नाही.

आणि आवाज बंद झाला.

पंख्याचा आवाज, एकदम. माळावर नुसता वारा. ते तसंच वर लटकलेलं, आणि आवाज नाही. मी कुसळांत खाली बसले, पण मान वर. तोंडानं काय म्हणत होते मला आठवत नाही. शेजारी उभी असलेली पथकातली एक छोटी म्हणाली, तिखट विसरलेल्या भाजीबद्दल सांगावं तशा आवाजात, "आजी, उतरताना बंदच करत्यात ते." हेही सर सभेत सांगून गेले होते. मी तेव्हा पोरीला नजरेनं तोलत होते.

चाकं टेकली. छत्री पाखरासारखी बसली. मी उठून पळाले म्हणे. मला वाटतं मी चालत गेले.

वैशूचे केस कडब्यासारखे झालेले. पट्टा सुटताच तिनं पाणी मागितलं, पिऊन तोंड पुसलं. मी विचारलं, काय दिसलं. तिनं सरांना सांगावं तसं नीट सांगितलं. वारा वर जास्त गार आहे. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. तलाव ताटलीएवढा दिसतो. शाळेचा पत्रा चमकतो. आपलं घर आधी सापडलं नाही, मग म्हशीवरून सापडलं.

"आन् लांबचं?"

"लांबचं न्हाई दिसत, आज्जे. बालाघाटाच्या डोंगरापलीकडं समदं धुरकट. म्या लई बघितलं. काय बी न्हाई दिसत."

संध्याकाळी चूल पेटवली आणि फोन लावला. तिकडं टोळीतली माणसं कामावरून आलेली असावीत, भांड्यांचा आवाज येत होता. भागवतनं आवाज मोठा करून फोन सगळ्यांत ठेवला. मी सगळं सांगितलं. पट्टा, गवत, सावली, मेंढरं, आवाज बंद झाला तेसुद्धा. तिथं कुणीतरी "बाबौ" म्हटलं. भागवत मधून मधून "मंग? मंग?" करत होता. माझं संपलं. मला वाटलं, मंगल भाकरी थापतेय.

मग तिचा आवाज आला, फोनच्या अगदी जवळून. "वैशे, वरनं आमी दिसलो का गं?"

वैशूनं माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं बघितलं.

"दिसलात की," ती म्हणाली. "म्या तिकडंच बघत होते."

"वाटलंच मला," मंगल म्हणाली. "सकाळी उगंच मान वर गेली बघ. म्या हात केलता. डोक्याचा रुमाल सोडून हालवला."

"व्हय," वैशू म्हणाली. "दिसला."